डायलमधला छोटा काटा

नळाला पाणी यायची आणि लेकीची, संस्कृतीची, क्लासला निघायची वेळ एकच, त्यामुळे धनश्रीच्या घरात सकाळी कुणी कुणाचं ऐकून घेत नसे. एका हातानं मोटरचं बटण दाबायचं, दुसऱ्या हातानं तव्यावरची भाकरी उलटायची आणि तोंडानं ओरडायचं, "किल्ली फ्रिजवर आहे गं, फ्रिजवर म्हणजे वर, आत नाही!" त्यात नवरा, रविराज, घरी नव्हता, म्हणजे दुधाची पिशवी आणणंही तिच्याच गळ्यात. एमआयडीसीतल्या आपल्या वर्कशॉपसाठी त्यानं एक जुनी पण चांगली बोरिंग मशीन, लोखंडात मापात भोकं कोरणारी, घेतली होती, ती ट्रेलरवर चढवून आणायला तो आदल्या दिवशीच पुण्याला गेला होता.

दारावर टकटक झाली. दोनदा, मध्ये जरा थांबून.

"चाचा आले," संस्कृती आतूनच म्हणाली.

चांगली बेल असताना बोटाच्या पेरानं दार वाजवणारा माणूस त्यांच्या ओळखीत एकच होता, बाबाजान शेख, रविराजच्या वर्कशॉपमधले मिस्त्री. फाउंड्रीतून ओतीव माल आला की त्यात कुठं चीर आहे का, ते चाचा पेरानं ठोकून, कान देऊन बघत. तीच सवय दारांनाही लागली होती. रविराज चिडवायचा, "काय चाचा, दार पास का रिजेक्ट?"

पण भाकरी उतरवता उतरवता धनश्रीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. टकटकीच्या आधी गाडीचा आवाज आलाच नव्हता. चाचांची जुनी एम-एटी गल्लीत वळली की शेजारच्यांचं कुत्रं उठून उभं राहायचं. आज ते फाटकापाशी तंगड्या पसरून झोपलेलं होतं.

तिनं दार उघडलं. चाचा इस्त्रीच्या शर्टात, हातात कापडी पिशवी घट्ट धरून उभे होते.

"रविराजभाऊ न्हाईत ना?"

"अहो, पुण्याला नाही का गेले? तुम्हाला तर माहीत आहे."

"माहीत हाय. म्हनूनच आलो."

संस्कृती सॅक पाठीला लावून बाहेर पडत होती. "चाचा, आज गाडी कुठंय?"

"गाडीला म्हनलं, तुझं वय झालंय, तू झोप घरी."

"आणि तुमचं?"

"माझं काय, मी अजून नवाच हाय. हळू जा, भिस्तबाग चौकात सिग्नल बघत जा, मोबाईल न्हाई."

ती हसत गेली. तिची स्कूटी कोपऱ्यावर वळेपर्यंत चाचा हसतच होते. मग त्यांनी चप्पल काढली आणि उंबरा ओलांडायच्या आधी अंगठ्यानं त्याची कड चाचपून बघितली. किती वर्षं या उंबऱ्यावरून ते आत आले असतील, आणि आज पहिल्यांदाच अंगठ्याला आधी पाठवलं. धनश्रीनं ते बघितलं. बिनसाखरेचा चहा टाकायला आत गेली.

चाचा मूळचे पारनेरकडचे. वडील गावोगाव ऑइल इंजिनं दुरुस्त करत फिरायचे. पिस्टन बसला की नाही ते आवाजावरून आणि अंगठ्यावरून ठरवायचे आणि त्याला कुणी हरकत घेतली तर चिडायचे. बाबाजान पोरवयात नगरला आले, एका मोठ्या कंपनीत लागले आणि भिमाजी नावाच्या म्हाताऱ्या फिटरच्या हाताखाली पडले. भिमाजींनी कितीतरी दिवस त्यांना नुसतं पुसायला लावलं. मशीनचा बेड, म्हणजे खालचा सपाट पाट, पुसायचा, त्यावर तळहात फिरवायचा, एखादा कण लागला तर परत पुसायचं. मग एक दिवस लाकडी डबी उघडून डायल हातात दिला. वडिलांच्या अंगठ्याच्या जागी तो आला, आणि पुढची सगळी जिंदगी तिथंच गेली.

डायल म्हणजे काय, हे धनश्रीला लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मोठी कंपनी बंद पडली होती, चाचा इकडंतिकडं हंगामी कामं करत होते, आणि रविराजनं भाड्याच्या शेडमध्ये एक जुनी लेथ आणून टाकली होती. ती जेवणाचा डबा घेऊन गेली, तर एक मनुष्य फरशीवर आडवा पडून बॅटरीच्या उजेडात मनगटी घड्याळाएवढ्या काहीतरी वस्तूकडं बघत होता.

"घड्याळ बिघडलंय का?" तिनं विचारलं होतं.

"घड्याळ बेस हाय, वहिनी. मशीन वाकडी हाय."

मग त्यांनी तिला दाखवलं. घड्याळासारखीच तबकडी, खाली एक बारीक दांडी. दांडीचं टोक मशीनला टेकवायचं. दांडी वरखाली झाली की मोठा काटा फिरतो. तबकडीवर शंभर घरं, आणि अख्खा एक फेरा झाला म्हणजे फक्त एक मिलिमीटर. "तुमच्या डोक्यावरचा एक केस धरा, सहा-सात घरं हुतील." तिला खरं वाटेना. तिनं स्वतःच्या वेणीतला एक केस तोडून पुढं केला. चाचांनी तो दांडीखाली सरकवला. काटा सात घरं सरकला आणि थांबला. रविराज पुढं कित्येक वर्षं पाहुण्यारावळ्यांत सांगायचा, "लग्नात सगळ्यांनी आमची पत्रिका बघितली. बायकोचा केस मोजून घेतला तो फक्त चाचांनी."

त्या लेथवरच रविराजचं वर्कशॉप उभं राहिलं. नंतर आलेली एकेक मशीन चाचांनीच लावली. मशीन लावायची म्हणजे जागेवर ठेवून वायर जोडायची, एवढंच नसतं, डायल लावून ती केसभरही वाकडी राहू द्यायची नसते, हे धनश्री त्यांच्याकडं बघून शिकली. डायल धरणारं चुंबकाचं स्टँड रंगावर चिकटवायचं नाही, उघड्या लोखंडावर चिकटवायचं, तेही पुसून. दांडी सरळ उभी, तिरकी झाली की माप खोटं. टेकवताना थोडी दाबून ठेवायची, म्हणजे काट्याला दोन्हीकडं पळायला जागा राहते. मग स्टँडला बोटानं हळूच टिचकी मारायची. काटा थरथरून परत शून्यावर आला तरच पुढं जायचं, नाहीतर सगळं पहिल्यापासून. आणि बघताना डोळा तबकडीच्या अगदी समोर हवा, बाजूनं डोकावायचं नाही.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये अवजारांची पूजा असे, तेव्हा झेंडूच्या माळा चाचाच आणायचे. कुठल्या मशीनला किती लांब माळ लागते ते त्यांना पाठ होतं. हळदीकुंकवाचं ताट धनश्री धरायची आणि चाचा पुढं पुढं सांगत जायचे, "हिला इथं लावा, इथं पट्टा फिरतो, तिकडं नको." एका वर्षी कुणीतरी भक्तिभावानं डायलच्या दांडीला तेलाचं बोट लावलं आणि वर कुंकू. सगळ्या यंत्रांना तेल लागतं, डायलच्या दांडीला मात्र लागत नाही. तेलात धूळ बसते, कुंकू बसलं तर विचारूच नका. काटा मध्येच अडकून बसला. चाचा त्या दिवशी प्रसादालाही थांबले नाहीत. पेट्रोल आणि लहान ब्रश घेऊन कोपऱ्यात बसले. तेव्हापासून रीतच पडली. डायल डबीतच राहायचा, डबी फळीवर, आणि डबीच्या झाकणावर एक फूल.

तीच डबी आता धनश्रीच्या हॉलमध्ये, पिशवीतून बाहेर आली, आणि मागोमाग स्टँड.

चाचांनी चहाचा कप घेतला, तर आधी बशीची कड बोटानं शोधली. मग कप टेबलावर ठेवताना तेच.

"चाचा, डोळ्याचं काय म्हणाले डॉक्टर?" तिनं सरळच विचारलं.

"साखरेनं खाल्लेत. पडदा म्हनतात तो. लेझर मारलं, सुया मारल्या. कडंचं दिसतं, मधलं न्हाई. तुमचं तोंड बघायला गेलो तर तोंडाच्या जागी ढग. कान दिसत्यात, कानातलं दिसतं."

"बरं होणार ना?"

"गेलं त्ये येत न्हाई म्हनाले. घरवालीला, जहिराला, वाटतं मोतीबिंदू हाय, दिवाळीनंतर ऑपरेशन करू. पोरीला, अल्मासला, फोनवर तसंच सांगती. मी न्हाई काय बोललो. वाटू दे." त्यांनी कप बाजूला सारला. "ते पंपाच्या बॉडीचं काम माहीत हाय ना तुमाला? सगळा माल परत आला ते?"

तिला माहीत होतं. गेल्या महिन्यात तो माल परत आला तेव्हा रविराज दोन दिवस धड जेवला नव्हता. सगळी भोकं वाकडी. त्यानं फाउंड्रीला फोनवर झाडलं होतं, "तुमचं कास्टिंगच पिळलेलं आहे! सेटिंग चाचांचं आहे, तिथं चूक असूच शकत नाही."

"कास्टिंग चांगलं हुतं, वहिनी. चूक सेटिंगमधी हुती."

धनश्रीनं पदराला हात पुसले आणि समोर बसली.

"माल ठेवायला दोन टेकू असत्यात. दोन्ही एका उंचीचे पायजेत. मधी मोकळी जागा. ह्या टेकूवर डायल शून्य केला, दांडी बोटानं उचलली, मोकळी जागा वलांडली, त्या टेकूवर सोडली. काटा शून्यावर. म्हनलं, झालं. परत मारली टिचकी, परत शून्य." ते थांबले. "त्या टेकूखाली मागच्या कामाची लोखंडाची पातळ पत्ती राहिलेली. एक मिलिमीटरची. नेमकी एक."

"मग काटा शून्यावर कसा?"

"एक मिलिमीटर म्हंजे एक फेरा. फिरून परत तिथंच आला. घड्याळात मोठा काटा बारावर हाय, पन वाजले किती? ते छोटाच सांगतो ना? डायलमधी पन तसा छोटा काटा असतो, फेरे मोजनारा. मी बाराच बघितले. वाजले किती, त्ये न्हाई बघितलं."

"बघितलं नाही, का दिसलं नाही?"

चाचांनी डबीच्या कडीवरून अंगठा फिरवला. स्वयंपाकघरात टाकी भरल्याचा आवाज आला, धनश्री उठली नाही. पाणी वाहू लागलं.

"मोटर बंद करा आधी," ते म्हणाले. "पानी चाललंय."

ती बंद करून आली.

"तेच बघायला आलोय," ते म्हणाले. "नवी मशीन उद्या लावायची. परवा कंपनीची मानसं बघायला येनार, त्यांना पटलं तर काम मिळनार, न्हाईतर भाऊंनी एवढा सोस करून आनलेली मशीन नुसती उभी. भाऊंना विचारलं तर ते म्हननार, चाचा, तुमी डोळे झाकून लावा. हाताखालचा ओंकार असता तर त्याला बसवला असता समोर, तोही चाकनला नोकरीला गेला. तुमी संस्कृतीचा अभ्यास घेता. माझा घ्या. खोटं बोलू नका फक्त."

डायलला लोखंड हवं होतं. धनश्रीनं फ्रिज दाखवला. चाचांनी पेरानं ठोकला आणि मान हलवली, "पत्रा हाय, डुलतो." मग तिला सासूबाईंचं शिलाई मशीन आठवलं. खिडकीशी, उजेडात, ओतीव बिडाचं. चाचांनी त्याच्या पाटावरून तळहात फिरवला, परत फिरवला, एक धाग्याचं टोक उचलून टाकलं. "वरून रंग हाय, पन परीक्षेला चालंल." स्टँड खट्‍कन चिकटलं. दांडी सुईखालच्या चकचकीत पट्टीवर टेकवली, थोडी दाबली, तबकडी फिरवून शून्य केलं. टिचकी मारली. हे सगळं त्यांनी खिडकीबाहेर बघत केलं. हातांना डोळ्यांची गरजच नव्हती, आणि क्षणभर धनश्रीला वाटलं, होईल, नीट होईल.

तिनं रविराजचं व्हिजिटिंग कार्ड दांडीखाली सरकवलं.

"तीस," चाचा म्हणाले. "जरासं वर. एकतीस."

एकतीसच होते. ती आनंदली. मग वहीचा कागद. "नऊ." नऊ. मग लग्नपत्रिकेचा कागद, तोही बरोबर. चाचांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "कडंनं बघितलं की जमतं," ते म्हणाले आणि मान कोंबडीसारखी तिरकी करून दाखवली. "डॉक्टरच म्हनाले, बाजूनं बघायची सवय लावा. जल्मभर पोरांना सांगितलं बाजूनं बघू नका, आता स्वतःच."

"आता ओळखा," ती म्हणाली आणि डोक्यावरचा एक केस तोडून दांडीखाली ठेवला. "हा तुमच्या ओळखीचा आहे."

चाचा हसले. "सात."

धनश्रीनं तबकडीकडं बघितलं. परत बघितलं, अगदी समोरून, त्यांनीच शिकवलं होतं तसं. काटा पाचावर होता. वयानं केस बारीक झाला होता. चाचांनी काटा बघितलाच नव्हता. त्यांनी वीस वर्षांपूर्वीचा केस सांगितला होता. कागद तर त्यांना जन्माचे पाठ होते.

"बरोबर ना?" त्यांनी विचारलं.

संस्कृती लहान असताना शुद्धलेखनात एखादी वेलांटी चुकली तर धनश्री अर्धा मार्क द्यायची. पोरीचा चेहरा पडू नये म्हणून. आता तिच्या जिभेवर 'बरोबर' आलंच होतं.

"पाच," ती म्हणाली. "केस बारीक झालाय, चाचा."

त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. मग हळूहळू उतरलं.

"म्हंजे मी आठवून सांगत हुतो." ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "असं न्हाई चालायचं. वस्तू न्हाई ठेवायची आता. हा स्क्रू हाय ना स्टँडला, हा फिरवला की अख्खा डायल वरखाली हुतो. मी तोंड फिरवतो. तुमी पायजे तेवढा फिरवा आन् मोठा काटा परत शून्यावर आना. मग मी छोटा बघून सांगतो. मला फसवा, वहिनी. पार फसवा."

ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. धनश्रीनं स्क्रू फिरवला. मोठा काटा सरसर निघाला, फेरा पुरा करून शून्याला आला. आतल्या इवल्याशा तबकडीत छोटा काटा दोनावरून एकावर गेला. तिला तो स्पष्ट दिसत होता, तांदळाच्या कणीएवढा.

"बघा."

चाचा वाकले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. नाक तबकडीला टेकेल इतके जवळ गेले, मग लांब. खिशातून भिंग काढलं. भिंगात ढगही मोठा होत असणार.

"दोन."

"एक."

"परत."

ते परत भिंतीकडं वळले. तिनं या वेळी दुसरीकडं फिरवला. त्यांनी पुन्हा तशीच मान वाकडी केली, आणि तेवढ्या वेळात धनश्रीला त्यांच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती.

"दोनच हाय. न्हाई, थांबा. दोन."

"चार आहे, चाचा."

"परत," ते म्हणाले, पण या वेळी भिंतीकडं वळले नाहीत. त्यांनी हात पुढं केला आणि तिच्या हातावर न ठेवता स्टँडवर ठेवला. "राहू द्या."

नेमका तेव्हाच फोन वाजला. रविराज. मागं ट्रेलरच्या इंजिनचा घरघराट, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता आणि सगळं हॉलमध्ये ऐकू येत होतं. "अगं, चाचा फोन उचलत नाहीत! त्यांना निरोप दे, मशीन निघाली म्हणावं, संध्याकाळपर्यंत येतो. फाउंडेशनचे बोल्ट बघून ठेवायला सांग. आणि ऐक, कंपनीच्या साहेबाला मी सांगितलंय, सेटिंगची काळजी करू नका, आमच्याकडं चाचा आहेत."

चाचांनी मान हलवली. नाही म्हणून का, सांगू नका म्हणून, ते तिला कळलं नाही.

"सांगते," धनश्री म्हणाली. "तुम्ही काही खाल्लंत का?" आणि काहीतरी बोलून फोन ठेवला.

मग ती भरभर बोलू लागली, आपण काय बोलतोय ते स्वतःलाही न ऐकता. आता आकडे दाखवणारे डायल मिळतात, स्क्रीनवाले, मोठ्या आकड्यांचे.

"भाऊंनी आनलाय मागंच. आकड्याच्या मधोमध पुसल्यासारखं हुतं. आठ हाय का तीन, काय कळत न्हाई."

मग दुसरं कुणीतरी काटा वाचेल, तुम्ही नुसतं मशीन हलवा.

"ओंकार हुता तवा करून बघितलं." चाचा स्टँडचं चुंबक सोडवत म्हणाले. "काटा थांबल्यावर तो आकडा सांगायचा. पन मशीन लावताना थांबलेला काटा काय करायचा? तो जाताना कसा जातो, अडखळतो का, येताना त्याच वाटंनं येतो का, त्यावरून हाताला कळतं बोल्ट किती आवळायचा. दुसऱ्याच्या डोळ्यानं माझा हात चालत न्हाई. चालला असता तर आलोच नसतो मी."

"मग बाकी काही काम... वर्कशॉपमध्ये इतकं काही असतं, चाचा. हे तुम्हाला कधी जा म्हणणार नाहीत."

"न्हाईच म्हननार. तीच तर अडचन हाय." त्यांनी डायल हातात घेतला, दांडी कोरड्या मऊ फडक्यानं पुसली. "ते म्हननार, बसा चाचा, नुसतं बसा. आन् मशीन लावायला बाहेरचा मानूस आला की मी तिथं बसलेला. तो टिचकी मारंल का न्हाई, त्ये मला ऐकू येईल, वहिनी. दिसनार न्हाई, पन ऐकू येईल. तसं न्हाई बसवायचं मला." मग जरा वेळानं म्हणाले, "पुन्याचा एक फिटर हाय, गोरक्ष नावाचा, माझ्याच हाताखालचा. त्याला सकाळीच फोन केलाय. उद्या येतो म्हनला."

म्हणजे इकडं यायच्या आधीच त्यांनी फोन केला होता. धनश्रीच्या लक्षात यायला एक क्षण लागला. परीक्षेत त्यांनी स्वतःला आधीच नापास करून ठेवलं होतं. तरी रिक्षा करून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, कुणीतरी 'बरोबर' म्हणेल का ते बघायला.

"यांना कोण सांगणार?" तिनं विचारलं.

"संध्याकाळी आले की मीच. बोल्ट बघायला जानारच हाय मी, बोल्ट हातानं कळत्यात. तिथंच सांगतो. मशीन उतरायच्या आत."

त्यांनी डायल डबीत ठेवला. डबीत आत मखमलीचा जुना तुकडा होता, कडा झिजून दोरे निघालेला. झाकण लावलं, पितळी कडी बसली की नाही ते अंगठ्यानं बघितलं आणि डबी तिच्यापुढं धरली. ती कुठं उभी असेल त्या अंदाजानं हात धरला होता, जरा बाजूला. तिला एक पाऊल सरकून ती घ्यावी लागली.

"हा माझा न्हाई, वर्कशॉपचा हाय. भिमाजींचा तो गेला कंपनीबरोबर. हा भाऊंनी पहिल्या कामाच्या वेळी आनलेला. तुमच्याकडं देतो, गोरक्षला उद्या तुमी द्या. माझ्या हातानं न्हाई द्यायचं मला."

"देते."

डबी तिच्या अंदाजापेक्षा जड होती. चाचा दाराशी गेले. चप्पल शोधायला त्यांनी पाय फिरवला. एक सापडली, दुसरी संस्कृतीनं जाताना लाथेनं पायपुसण्यापलीकडं उडवली होती. धनश्रीनं ती वाकून त्यांच्या पायाशी आणून ठेवली. ते "अहो, अहो" म्हणाले, पण पाय मागं घेतला नाही.

"रिक्षा बोलावू का?"

"चौकात मिळंल. कडंनं जातो, कडंचं दिसतंय अजून."

फाटकाची कडी काढून ते थांबले आणि वळले. तिच्या तोंडाकडं नाही, तिच्या कानाच्या जरा बाजूला बघत म्हणाले,

"एक काम करा, वहिनी. या खंडेनवमीला मी नसनार. दांडीला तेलकुंकू कोनाला लावू देऊ नका. डबीवर फूल ठिवा, तेवढं बास."